व्हिडिओ कन्व्हर्ट केला की आवाज गायब होतो किंवा ओठांशी जुळत नाही : कारणं आणि उपाय हवेत

सायली_रा

नमस्कार मंडळी.
नात्यातल्या वयस्कर माणसांच्या मुलाखती गेली काही वर्षं जमवते आहे. काही फोनवर घेतलेल्या, काही जुन्या मोबाइलवरच्या थ्रीजीपी फाइल, काही एमकेव्ही, आणि जे दूर राहतात त्यांच्या ऑनलाइन भेटीत रेकॉर्ड केलेल्या. आता सगळ्या एमपी४ मध्ये आणायच्या आहेत, म्हणजे घरात कुणालाही, कशावरही बघता येतील.

अडचणी दोन. काही फाइल कन्व्हर्ट झाल्यावर मुक्या होतात. चित्र उत्तम, आवाज शून्य. दुसऱ्या काही सुरुवातीला ठीक असतात, पण शेवटाकडे बोलणं आणि ओठ यांचा मेळ राहत नाही. मूळ फाइल सगळ्या जपून ठेवल्या आहेत. यातली काही माणसं आता नाहीत, त्यामुळे पुन्हा रेकॉर्ड करण्याचा प्रश्नच येत नाही.

तुम्ही अशा वेळी काय करता? प्रोग्राम बदलता की सेटिंग?

मधुरा_क

अगदी हेच माझ्याकडेही होतंय. उत्तरांची वाट बघत इथेच बसते.

बिनतारी

प्रोग्राम बदलायची घाई नको. आधी 'मीडियाइन्फो' नावाचं फुकट साधन घ्या, त्यात मूळ फाइल उघडा आणि तीन गोष्टी इथे लिहा: आवाजाचा कोडेक (साठवण्याची पद्धत) कोणता, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) 'कॉन्स्टंट' म्हणजे स्थिर आहे की 'व्हेरिएबल' म्हणजे बदलता, आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं) किती. दोन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, एका उपायात बसणार नाहीत.

सुहास जोगळे

व्हीएलसी या प्लेअरमध्ये जे आणि के ही बटणं दाबा. एकेका दाबाला आवाज ५० मिलिसेकंद मागेपुढे सरकतो. विषय संपला.

बिनतारी

@सुहास, त्याने फक्त बघताना दुरुस्ती होते, फाइलमध्ये काहीच बदलत नाही. शिवाय सायलीताईंचा आवाज शेवटाकडे सरकत जातो. सुरुवातीला जुळवला तर शेवट बिघडेल, शेवटी जुळवला तर सुरुवात. पण तुमची युक्ती मोजमापाला उपयोगी आहे. किती दाब लागले त्यावरून किती मिलिसेकंदांचा फरक आहे ते कळतं.

नादलुब्ध

या विषयात मी बरीच वर्षं डोकं घातलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आवाज जुळत नाही असं आपण सरसकट म्हणतो, पण त्याचे तीन प्रकार आहेत. कुठलाही उपाय करण्याआधी आपला कोणता ते ओळखणं ही निम्मी लढाई आहे. फाइल तीन ठिकाणी तपासा: सुरुवात, मध्य, शेवट. प, ब, म ही अक्षरं बघा, कारण तिथे ओठ मिटतात आणि फरक चटकन दिसतो. कुणी टाळी वाजवली असेल, दार आपटलं असेल तर उत्तमच.

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर आवाज नुसता सरकलाय. हे सगळ्यात सोपं. एमकेव्हीटूलनिक्स या एमकेव्ही फाइल बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये फाइल घाला, आवाजाचा ट्रॅक निवडा, 'डिले'च्या रकान्यात मिलिसेकंद भरा. पुन्हा एन्कोड होत नाही (म्हणजे नव्याने दाबून साठवलं जात नाही), चित्राच्या दर्जाला धक्का लागत नाही, काही सेकंदांत काम होतं.

सुरुवातीला शून्य आणि पुढे वाढत जाणारा फरक असेल तर दोन घड्याळांचा वेग वेगळा आहे. इथे तासाला किती फरक पडतो ते मोजा, कारण आकडाच कारण सांगतो. तासाला ३.६ सेकंद असेल तर कुठेतरी फ्रेम रेटमध्ये ३० ला २९.९७ किंवा २४ ला २३.९७६ धरलंय. हे अपूर्णांक ३०,००० भागिले १,००१ असे तयार होतात, म्हणून फरक बरोबर हजारात एक. तासाभराचा आवाज ६५ मिनिटं १८ सेकंदांचा झाला आणि माणूस जाड्या आवाजात बोलायला लागला, तर ४८,००० सॅम्पलचा आवाज ४४,१०० च्या वेगाने वाजतोय. उलट झालं तर तास ५५ मिनिटांत आटपतो आणि आवाज चिरका होतो.

तिसरा प्रकार म्हणजे सगळं ठीक चाललेलं असताना एका जागी एकदम उडी. त्याच्या अलीकडे जुळतं, पलीकडे नाही. हा सगळ्यात चिवट.

मधुरा_क

तासाला ३.६ सेकंद!! मी आज रात्रीच मोजते.

रानवारा

आमच्याकडच्या एका फाइलमध्ये मामा बोलून पाणी प्यायला लागतात आणि मग त्यांचं वाक्य ऐकू येतं. घरातली लहान मुलं तोच भाग पुन्हा पुन्हा लावायला सांगतात :)

सायली_रा

बिनतारी, सांगितल्याप्रमाणे बघितलं.

फोनवरच्या फाइल: आवाज एएसी, ४८,०००. फ्रेम रेट 'व्हेरिएबल', किमान १५ च्या आसपास, कमाल ३०.
थ्रीजीपी: आवाज एएमआर, ८,०००.
एमकेव्ही: आवाज डीटीएस, सहा चॅनेल.
ऑनलाइन भेटीची फाइल: एएसी, फ्रेम रेट तिथेही 'व्हेरिएबल'.

मुक्या होतात त्या थ्रीजीपी आणि एमकेव्ही. सरकतात त्या फोनच्या. ऑनलाइनवाली विचित्र आहे, नादलुब्ध म्हणतात तशी ती मध्येच उडी मारते.

बिनतारी

वा, आता चित्र स्पष्ट झालं. मुक्या फाइलपासून सुरुवात करू.

एमपी४, एमकेव्ही, थ्रीजीपी ही पाकिटं आहेत. आतलं पत्र कोणत्या लिपीत लिहिलंय ते कोडेक ठरवतो. बरेच कन्व्हर्टर वेळ वाचवायला आवाज जसाच्या तसा उचलून नव्या पाकिटात टाकतात. एमपी४ मध्ये एएमआर किंवा डीटीएस ठेवता येतो, पण तो वाचता येणारे प्लेअर कमी. ब्राउझर, फोन, पुष्कळ टीव्ही तिथे गप्प बसतात. म्हणजे तुमच्या फाइलमधला आवाज बहुधा गेलेला नाही, समोरच्या यंत्राला वाचता येत नाही एवढंच. कन्व्हर्ट झालेली फाइल मीडियाइन्फोत उघडा. आवाजाचा ट्रॅक दिसतो का?

दिसत असेल तर चित्राला हात लावायचं कारणच नाही. एफएफएमपेगला (आज्ञा लिहून चालवायचा कन्व्हर्टर) सांगायचं की चित्र 'कॉपी' कर आणि आवाज फक्त एएसीमध्ये बदल. जुन्या थ्रीजीपीत चित्राचा कोडेकही जुना असू शकतो, तिथे मात्र दोन्ही बदलावे लागतील. हँडब्रेक हा कन्व्हर्टर वापरत असाल तर 'ऑडिओ'च्या पानावर ट्रॅक निवडलेला आहे ना ते बघा, 'पासथ्रू' (आवाज जसाच्या तसा नेणं) काढा आणि एएसी निवडा.

एएमआरबद्दल अपेक्षा माफक ठेवा. तो टेलिफोनसाठी बनवलेला कोडेक आहे. ८,००० सॅम्पलमध्ये ४,००० हर्ट्झच्या वरचं काही नोंदलंच जात नाही, ते नंतर कुठूनही आणता येणार नाही.

श्रीरंग_प

डीटीएसच्या सहा चॅनेलबद्दल एक भर. पाच-एक रचनेत (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा) माणसांचं बोलणं मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतं. काही कन्व्हर्टर सहाचे दोन करताना नीट मिसळत नाहीत, सरळ डावा-उजवा उचलतात आणि बाकीचे टाकून देतात. मग पार्श्वसंगीत येतं आणि माणसं नुसते ओठ हलवतात. त्यामुळे 'आवाज येतोय' एवढ्यावर समाधान मानू नका, बोलणं येतंय का ते ऐका. हँडब्रेकमध्ये 'स्टिरिओ' मिक्सडाउन निवडलं की मधला चॅनेल दोन्हीकडे नीट मिसळतो.

आणखी एक. फाइलमध्ये आवाजाचे एकाहून जास्त ट्रॅक असतील तर एफएफएमपेग न सांगता एकच घेतं, ज्यात चॅनेल जास्त असतील तो. सगळे हवे असतील तर 'मॅप' पर्यायाने तसं सांगावं लागतं. मुलाखतीत कॅमेऱ्याचा माइक एका ट्रॅकवर आणि कॉलर माइक दुसऱ्यावर असेल, तर हे न सांगितल्यामुळे चांगला ट्रॅक मागेच राहतो.

वैदेही_न

मुका व्हिडिओ म्हटल्यावर आमच्या नाट्यसंस्थेचा अनुभव लिहिते, कारण यावर आम्ही फार वेळ घालवला होता. तालमीचं रेकॉर्डिंग हेडफोनवर व्यवस्थित, मोबाइलच्या स्पीकरवर जवळपास शून्य. सगळ्यांचं म्हणणं, कन्व्हर्टर खराब.

कारण निघालं माइकच्या केबलमध्ये. तीन पिनांच्या व्यावसायिक माइकमधून एकच आवाज दोन तारांवर येतो, एक सुलटा आणि एक उलटा. चुकीच्या केबलने तो स्टिरिओ खाचेत जोडला की सुलटा डावीकडे जातो, उलटा उजवीकडे. हेडफोनमध्ये दोन कानांना दोन वेगळे, म्हणून ऐकू येतात. एकाच स्पीकरवर दोन्हींची बेरीज होते आणि ते एकमेकांना खोडतात.

ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्राममध्ये स्टिरिओ ट्रॅक वेगळा करून एक बाजू काढून टाकली, उरलेली मोनो ठेवली. आवाज परत आला. एक फाइल हेडफोनवर बोलते आणि फोनवर मुकी होते, असं कुणाचं असेल तर आधी हे बघा.

नादलुब्ध

वैदेही, फार मोलाचा प्रतिसाद. हे कारण माणसाला सुचतच नाही.

बिनतारी

आता सरकणाऱ्या फोनच्या फाइल. फोनचा कॅमेरा कायम ३० फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला की प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश मिळावा म्हणून दर खाली आणतो, तुमच्याकडे दिसतोय तसा १५ पर्यंत. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमवर तिची वेळ लिहिलेली असते, म्हणून प्लेअर बरोबर दाखवतो. पण जो कन्व्हर्टर ती वेळ न वाचता 'सेकंदाला ३० फ्रेम' धरून चालतो, त्याच्या हातात १५ फ्रेमचा एक सेकंद अर्ध्या सेकंदात संपतो. चित्र पुढे पळतं, आवाज आपल्या गतीने मागून येतो.

उपाय: पहिली पायरी म्हणून मूळ फाइल हँडब्रेकमध्ये घेऊन 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, आकडा ३० ठेवा. तो वेळ वाचतो आणि जिथे फ्रेम कमी आहेत तिथे आधीचीच पुन्हा भरतो. त्यानंतर ती फाइल कुठल्याही संपादन प्रोग्राममध्ये न्या.

अक्षय_तांत्रिक

थोडा वेगळा मुद्दा. बदलता फ्रेम रेट हा दोष नाहीच. मूळ फाइल व्हीएलसीत नीट चालते, म्हणजे ती बरोबर आहे. वेळ न वाचणारा प्रोग्राम चुकीचा. मग सगळ्या फाइल पुन्हा एन्कोड करून त्यांचा दर्जा कशाला घालवायचा? नुसत्या बघायच्या असतील तर चित्र कॉपी करा, फ्रेमच्या वेळा शाबूत राहतात आणि काहीच सरकत नाही. स्थिर दर फक्त संपादनाला लागतो.

बिनतारी

तत्त्वतः मान्य. पण त्यांना 'कुणालाही, कशावरही' बघता यायला हवंय. जुन्या टीव्हीवर आणि साध्या प्लेअरवर स्थिर दराची फाइल जास्त भरवशाची. थोडा दर्जा जाईल, पण बोलणाऱ्या माणसाच्या चित्रात तो जाणवणारही नाही.

अक्षय_तांत्रिक

मग दोन प्रती ठेवा, मूळ जशीच्या तशी आणि वाटायला स्थिर दराची. माझा आग्रह मूळ प्रत बदलू नये इतकाच.

सायली_रा

दोन्ही पटतंय. मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर आहेत, त्यांना हात लावणार नाही.

गिरीश_ल

विषयाशी थोडं फटकून, पण रंजक आहे. किती फरक माणसाला कळतो? आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची बीटी १३५९ ही १९९८ ची शिफारस आहे. त्यात म्हटलंय की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की जाणवू लागतो, पण मागे पडला तर साधारण १२५ पर्यंत जाणवत नाही. पुढे आणि मागे यांत इतका फरक का? निसर्गात आवाज कधीच आधी येत नाही. ३४ मीटरवर कुणी टाळी वाजवली तर ती दिसल्यावर सुमारे १०० मिलिसेकंदांनी ऐकू येते. उशिरा येणाऱ्या आवाजाची मेंदूला जन्मापासून सवय असते, आधी आलेला त्याला लगेच खटकतो.

म्हणून अंदाजाने जुळवताना शंका असेल तर आवाज किंचित मागे ठेवा, पुढे नको.

रानवारा

गिरीशराव, हे वाचून मामांच्या फाइलबद्दल थोडा आदर वाटू लागलाय.

सुहास जोगळे

तपासताना ब्लूटूथ हेडफोन लावू नका. त्यांचा स्वतःचाच १०० ते ३०० मिलिसेकंद उशीर असू शकतो. काही प्लेअर तो भरून काढतात, काही नाही. तारेचा हेडफोन लावूनच मोजा, नाहीतर चांगली फाइल बिघडवून बसाल.

हेमंत_कॅसेट

माझं काम व्हीएचएसवरून. तिथे फाइल बनतानाच फ्रेम गळतात. टेप जुनी, सिग्नल डळमळीत, कॅप्चर कार्डाला फ्रेम सापडत नाही आणि ते ती सोडून देतं. आवाज मात्र अखंड येत राहतो. २५ फ्रेम गळल्या की पालमध्ये (सेकंदाला २५ फ्रेमची टीव्ही पद्धत) एक सेकंद गेला. नंतर सॉफ्टवेअरने ओढूनताणून जुळवण्यापेक्षा मध्ये टाइम बेस करेक्टर (डळमळीत सिग्नल स्थिर करणारं यंत्र) लावून पुन्हा कॅप्चर करावं, टेप अजून चालत असेल तोवर.

श्रीरंग_प

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेणाऱ्यांसाठी: दोन यंत्रांची स्फटिक घड्याळं कधीच तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत ५० इतका फरक असला तरी तासाला १८० मिलिसेकंद होतात. सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशा दोन टाळ्या वाजवा. दोन टाळ्यांमधलं अंतर दोन्हीकडे मोजलं की किती टक्के ताणायचं ते मिळतं. ऑडॅसिटीत 'चेंज टेम्पो' वापरा, म्हणजे स्वर न बदलता लांबी बदलते.

मधुरा_क

श्रीरंग, यासाठी एमकेव्हीटूलनिक्समधला 'स्ट्रेच बाय' चालेल का? पुन्हा एन्कोड करावं लागणार नाही.

नादलुब्ध

आवाजासाठी नको. तो रकाना फक्त वेळेचे शिक्के बदलतो, चित्र आणि सबटायटलला ठीक. आवाजाच्या ट्रॅकवर तो वापरू नये असं त्यांच्याच माहितीपत्रकात लिहिलंय. आवाज खरोखर ताणावा लागतो.

वैदेही_न

तुकडे जोडणाऱ्यांनाही एक सांगते. प्रत्येक तुकड्यात आवाज आणि चित्र यांची लांबी नेमकी सारखी नसते. एएसी १,०२४ सॅम्पलच्या ठोकळ्यात चालतो, म्हणजे ४८,००० ला एक ठोकळा साधारण २१ मिलिसेकंदांचा. असे ४० तुकडे आंधळेपणाने जोडले तर फरक साधारण ८५० मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो. आम्ही प्रवेश वेगवेगळे शूट करतो, म्हणून आधी सगळे तुकडे संपादन प्रोग्राममध्ये ओळीने लावतो आणि एकदाच निर्यात करतो.

सायली_रा

सगळ्यांचे मनापासून आभार. आतापर्यंतची प्रगती:

थ्रीजीपी बोलू लागल्या. बिनतारी म्हणाले तसंच होतं, आवाज फाइलमध्ये होता, एएसी केल्यावर सगळीकडे ऐकू आला. डीटीएसवाल्या स्टिरिओ करून घेतल्या आणि श्रीरंग यांनी सांगितलं तसं बोलणं कान देऊन तपासलं. फोनच्या फाइल स्थिर ३० वर नेल्या, शेवटपर्यंत जुळतात. आत्याच्या मुलाखतीत तिने म्हटलेली जुनी गाणी आहेत, ती आता ओठांबरोबर ऐकू येतात. आई ऐकत बसली होती.

राहिली ती ऑनलाइन भेटीची फाइल. व्हीएलसीत मूळ फाइल ठीक चालते. कन्व्हर्ट केली की उड्या. आवाज आधी ऐकू येतो आणि प्रत्येक उडीनंतर आणखी पुढे जातो. आवाज साफ करायचा म्हणून मी तो डब्ल्यूएव्हीमध्ये (नुसत्या आवाजाची फाइल) वेगळा काढून परत जोडते आहे, त्याचा काही संबंध?

नादलुब्ध

तोच संबंध! नेट अडखळलं की अशा रेकॉर्डिंगमध्ये आवाजाचे काही तुकडे पोचतच नाहीत. मूळ फाइलमध्ये तिथे मोकळी जागा असते: अमुक वेळेपर्यंतचा आवाज आहे, पुढचा दोन सेकंदांनंतर. प्लेअर तेवढा वेळ थांबतो, म्हणून सगळं जुळतं. डब्ल्यूएव्हीत वेळेचे शिक्के नसतात, तिथे सॅम्पल एकापुढे एक लागतात. ती मोकळी जागा मिटली की पुढचा सगळा आवाज तेवढा अलीकडे येतो. दर अडखळण्याला एक उडी.

आवाज काढतानाच एफएफएमपेगच्या 'एरिसॅम्पल' फिल्टरला 'एसिंक' १ द्या. १ म्हणजे मोकळ्या जागी शांतता भर आणि जास्तीचं काप. १,००० सारखा मोठा आकडा दिला तर तो आवाज थोडा ताणतो-दाबतोही, पण बोलण्याला शक्यतो १ च ठेवा. मग साफसफाई करा. फक्त साफ करताना 'शांत भाग काढून टाका' असला पर्याय चुकूनही लावू नका, नाहीतर भरलेली शांतता पुन्हा जाईल.

अक्षय_तांत्रिक

+१. आवाज काढल्यावर डब्ल्यूएव्हीची लांबी आणि चित्राची लांबी ताडून बघा. सेकंदाच्या आत फरक असेल तर जागा नीट भरल्या.

सायली_रा

केलं. आधीचा डब्ल्यूएव्ही चित्रापेक्षा अकरा सेकंदांनी छोटा होता, आता दोन्ही सारखे. उड्या गेल्या. नादलुब्ध, या एका प्रतिसादासाठी तुम्हाला कितीही धन्यवाद दिले तरी कमीच.

मधुरा_क

माझंही सांगते. दीड तासाच्या फाइलमध्ये शेवटी ५.४ सेकंदांचा फरक निघाला, म्हणजे तासाला ३.६! मूळ २९.९७ होतं आणि कन्व्हर्टरमध्ये ३० निवडलेलं होतं. 'मूळ फाइलप्रमाणे' हा पर्याय निवडून पुन्हा केली, आता वाढणारा फरक नाही. फक्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाज किंचित पुढे वाटतो. व्हीएलसीत के एकदा दाबला की बरोबर होतं.

बिनतारी

म्हणजे साधारण ५० मिलिसेकंद. एएसी एन्कोडर सुरुवातीला थोडे भरतीचे सॅम्पल घालतो. त्यामुळे तो हिशेब न वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये आवाज सरकतो, पण मागे, पुढे नाही. तुमचा पुढे आहे, म्हणजे मूळ फाइलमधला 'डिले' हरवला असावा. मीडियाइन्फोत मूळ फाइलचा 'डिले रिलेटिव्ह टू व्हिडिओ' हा आकडा बघा. तो ५० च्या आसपास असेल तर तोच एमकेव्हीटूलनिक्समध्ये भरा.

मधुरा_क

४८ दाखवतोय. भरला. जुळलं!